अँकीड्रॉइड: जड इंग्रजी शब्द डोक्यात टिकवणारं फुकटचं अ‍ॅप

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा म्हणून पैसे भरून क्लास लावण्याआधी हे अ‍ॅप वापरून बघा, एवढं सांगण्यासाठी हा रिव्ह्यू लिहितेय. अ‍ॅपचं नाव अँकीड्रॉइड. अँड्रॉइड फोनवर पूर्ण फुकट, जाहिराती नाहीत, आणि एकदा उतरवून घेतलं की नेटशिवायही चालतं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण का कापला ते पुढे येईलच.

आधी मी ते कशासाठी वापरते ते सांगते, कारण तुमची गरज वेगळी असेल तर तुमचं मतही वेगळं होईल. मी सांगलीत जिल्हा न्यायालयात वकिली करते. दहावीपर्यंत मराठी माध्यम. जिल्हा न्यायालयात साक्षीपुरावा, अर्ज, युक्तिवाद बऱ्यापैकी मराठीत चालतात, त्यामुळे तिथे काही अडत नाही. पण १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, सुरू झालं आणि सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांचं चित्रच पालटलं. पूर्वी हायकोर्टाचं काम निघालं की कागदपत्रांची फाइल मुंबईच्या वकिलांकडे पाठवून आम्ही मोकळे व्हायचो. आता कोल्हापूर तासाभराच्या अंतरावर आहे आणि पक्षकार म्हणतो, ‘मॅडम, तुम्हीच चालवा.’ संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत. म्हणजे अपील मेमो (अपिलाचा लेखी अर्ज) इंग्रजीत, युक्तिवाद इंग्रजीत, आणि आदल्या रात्री वाचायची निकालपत्रंही इंग्रजीतच.

कायद्याचे खास शब्द फारसे त्रास देत नाहीत. ‘रेस ज्युडिकाटा’ (आधीच निकाल लागलेला वाद), ‘एक्स पार्टे’ (एकतर्फी) हे लॉ कॉलेजातच पाठ होतात, आणि अडलंच तर भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आहे. खरी अडचण होते ती त्यांच्या मधे पेरलेल्या जड पण साध्या इंग्रजीची. ‘कॉजंट’ कारणं म्हणजे सबळ, पटणारी कारणं. ‘पर्फंक्टरी’ तपास म्हणजे उरकून टाकलेला तपास. ‘स्पेशस’ युक्तिवाद म्हणजे वरवर बिनतोड वाटणारा पण आतून पोकळ. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४१ मध्ये ‘ऑस्टेन्सिबल ओनर’ येतो, तो म्हणजे जगाला मालक दिसणारा माणूस. असे शब्द एका निकालपत्रात एकदा भेटतात आणि मग महिनाभर तोंड दाखवत नाहीत. वाचताना डिक्शनरी बघायची, ‘हां, हां’ म्हणायचं, आणि पुढच्या वेळी तोच शब्द पुन्हा अनोळखी.

हे मराठी माध्यमवाल्यांचंच होतं असं नाही. न्यूझीलंडचे भाषा-अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला होता की इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय वाचायची तर साधारण ८ ते ९ हजार शब्दकुळं माहीत असावी लागतात. एक कूळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं. पहिली दोन-तीन हजार शाळा-कॉलेजात आपोआप अंगवळणी पडतात, कारण ती पावलोपावली भेटतात. त्यापुढचे शब्द इतके विरळ येतात की नुसत्या वाचनाने त्यांची उजळणीच होत नाही. पुन्हा भेट होईपर्यंत ओळख पुसलेली असते.

अँकी नेमकी इथे कामी येते. डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये संगणकासाठी अँकी आणलं, आणि अँकीड्रॉइड हे त्याचं फोनवरचं भावंड, स्वयंसेवकांनी वेगळं बांधलेलं. जपानीत अँकी म्हणजे पाठ करणं. तत्त्व जुनंच आहे. हेरमान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर आणि नंतर हळूहळू विसरलं जातं. मधे अंतर ठेवून उजळणी केली की ते जास्त टिकतं. अँकीत शब्दांची कार्डं असतात, पुढे प्रश्न आणि मागे उत्तर. अँकी प्रत्येक कार्डाची वेगळी नोंद ठेवते आणि तुम्ही विसरण्याच्या बेतात असाल त्या सुमाराला ते कार्ड पुढ्यात आणते. बरोबर आठवलं तर पुढची भेट काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी, मग महिन्यांनी. चुकलं की कार्ड पुन्हा सुरुवातीला. आठवलेल्या शब्दांवर वेळ जात नाही आणि निसटणारे निसटू दिले जात नाहीत.

पण हे विचारण्याचं काम झालं. काय विचारायचं ते तुम्ही ठरवायचं असतं, आणि माझ्या मते अँकीचा सगळा फायदा-तोटा त्यावर ठरतो. म्हणून मी एक कार्ड कसं बनवते ते सविस्तर सांगते.

शब्द घेऊ ‘मिटिगेट’. फाशीच्या शिक्षेबद्दलचा बचनसिंग विरुद्ध पंजाब राज्य हा १९८० चा निकाल प्रत्येक फौजदारी वकिलाला वाचावा लागतो. त्यात आरोपीच्या विरोधात जाणाऱ्या ‘अ‍ॅग्रव्हेटिंग’ आणि शिक्षा सौम्य करायला लावणाऱ्या ‘मिटिगेटिंग’ परिस्थितीचा विचार आहे. कार्डाच्या पुढच्या बाजूला मी एक छोटं इंग्रजी वाक्य लिहिते: आरोपीचं कोवळं वय न्यायालयाने अमुक प्रकारची परिस्थिती म्हणून धरलं, अशा अर्थाचं. त्यातला ‘मिटिगेटिंग’ तेवढा झाकायचा. अँकीत या प्रकाराला ‘क्लोज’ म्हणतात. शब्द निवडून बटण दाबलं की त्याच्या जागी कंसात तीन टिंबं दिसतात. एवढ्यावर थांबलं तर मात्र घोटाळा होतो, कारण त्याच जागी जवळपास त्याच अर्थाचा ‘एक्स्टेन्युएटिंग’ही चपखल बसतो. म्हणून टिंबांच्या जागी सूचना म्हणून शब्दाचं पहिलं अक्षर घालून ठेवायचं, अ‍ॅपमध्ये तशी सोय आहे.

मागच्या बाजूला चार गोष्टी. मराठी अर्थ: तीव्रता कमी करणं, सौम्य करणं. विरुद्ध शब्द: अ‍ॅग्रव्हेट. सोबती: ‘मिटिगेट’ कुणाबरोबर फिरतो? ‘रिस्क’, ‘लॉस’, ‘डॅमेज’, ‘इम्पॅक्ट’. करार कायद्याच्या कलम ७३ खाली नुकसानभरपाई मागताना आपलं नुकसान आटोक्यात ठेवायला आपण काय केलं, असा प्रश्न येतो, तिथेही हाच शब्द लागतो. आणि चौथी, धोक्याची सूचना: ‘मिलिटेट’ हा दिसायला याचा भाऊ, पण संबंध काही नाही. ‘मिलिटेट’च्या पाठोपाठ ‘अगेन्स्ट’ येतो आणि अर्थ होतो ‘विरुद्ध बाजूला जाणं’. अमुक पुरावा आरोपीच्या निर्दोषत्वाच्या विरोधात जातो, म्हणायचं तर ‘मिलिटेट्स अगेन्स्ट’. बरेच जण तिथे ‘मिटिगेट्स अगेन्स्ट’ लिहितात आणि छापील मजकुरातही ते सापडतं. दोन्ही शब्दांची कार्डं शेजारी शेजारी केली की गल्लत होत नाही.

हे कार्ड बनवायला तीन-चार मिनिटं जातात आणि अर्धं शिक्षण तिथेच होतं. अर्थ शोधताना, वाक्य निवडताना, सोबतीचे शब्द टिपताना शब्द हाताखालून जातो. अर्थ बघायला मी ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी वापरते. ए. एस. हॉर्नबी यांनी ती परदेशी शिकणाऱ्यांसाठीच रचली, ऑक्सफर्डने १९४८ मध्ये काढली, आणि आता तिची वेबसाइट फुकट आहे. सोप्या शब्दांत अर्थ, ब्रिटिश आणि अमेरिकी असे दोन्ही उच्चार, आणि शब्द कुणाबरोबर येतो ते ठळक अक्षरात. इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांसाठी केलेल्या मोठ्या डिक्शनऱ्यांमध्ये एका जड शब्दाचा अर्थ दुसऱ्या जड शब्दाने सांगतात, त्याचा आपल्याला उपयोग नाही.

एका शब्दाचे दोन अर्थ असतील तर कार्डं दोन, हा नियम मी कधी मोडत नाही. ‘सँक्शन’ हे त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. आपल्याकडे कर्ज ‘सँक्शन’ होतं, म्हणजे मंजुरी. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ खाली लोकसेवकावर खटला भरायला आधी ‘सँक्शन’ लागते, तीही मंजुरीच. पण रशियावर ‘सँक्शन्स’ लागल्या म्हणजे निर्बंध आले, आणि ‘पीनल सँक्शन’ म्हणजे तर शिक्षा. एकाच कार्डाच्या मागे दोन्ही अर्थ कोंबले तर एक आठवतो, दुसरा राहतो, आणि आपण स्वतःला बरोबर म्हणून पुढे जातो. दोन वाक्यं, दोन कार्डं केली की वाक्यच अर्थ ओढून आणतं. तसंच ‘डिसइंटरेस्टेड’ साक्षीदाराचं. त्याला रस नाही, कंटाळा आलाय, असं वाटतं. कोर्टाच्या भाषेत मात्र ज्याचा खटल्यात काही स्वार्थ नाही तो डिसइंटरेस्टेड, आणि त्याच्या साक्षीला उलट वजन जास्त.

आता तयार डेकबद्दल. अँकीच्या साइटवर इतरांनी बनवलेले शब्दसंच म्हणजे डेक फुकट मिळतात, आणि हजार-दोन हजार शब्द एका बोटावर फोनमध्ये येतात याचा मोह होतो. माझ्या ओळखीत बँकेच्या आणि एमपीएससीच्या परीक्षा देणारी मुलं आहेत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या फोनमध्ये असा एखादा डेक पडलेला असतो. एका क्लासने वाटलेला डेक मी उघडून पाहिला. पुढे शब्द, मागे एका शब्दात अर्थ, वाक्य एकही नाही. ‘पल्क्रिट्यूड’ म्हणजे सौंदर्य. कुठे वापरायचा, कोण वापरतं, कुणालाही सांगता यायचं नाही. असा शब्द पाठ होतो तो त्या कार्डापुरता. पेपरात वाक्यात आला की ओळखू येत नाही, आणि लिहायला घेतला तर भलत्याच जागी बसतो. परीक्षा महिन्यावर आली असेल आणि अभ्यासक्रमात ठरलेली यादी असेल तर तयार डेक घ्या, माझी हरकत नाही. पण वर्षभर हाताशी असेल तर शब्द आपल्या वाचनातूनच उचला. इंग्रजी पेपरच्या अग्रलेखातून, आपल्या विषयाच्या पुस्तकातून, ऑफिसच्या ईमेलमधून. जो शब्द तुम्हाला वाचताना आडवा आला तो पुन्हा येणार याची खात्री असते.

शब्द मुळापासून शिकावेत असं सांगणारे पुष्कळ असतात. काही प्रमाणात ते खरंही आहे. लॅटिनमधल्या ‘खरं’ या अर्थाच्या मुळापासून ‘व्हेरिफाय’, ‘व्हर्डिक्ट’, ‘व्हेरॅसिटी’ हे तिन्ही आले, आणि वकिलाला तिन्ही रोज लागतात. हे कूळ मी एकाच कार्डावर मांडलंय, ‘व्हेरॅसिटी’ म्हणजे साक्षीचा खरेपणा हे त्यामुळे पक्कं झालं. पण मुळावर फार विसंबू नये. ‘मेटिक्युलस’च्या मुळात लॅटिनमधली भीती आहे, आणि आजचा अर्थ आहे बारकाईने, काटेकोरपणे काम करणारा. मूळ बघून अर्थ ओळखायला गेलात तर साफ फसाल. अर्थ आधी वापरातून घ्यायचा, मग मूळ.

उच्चारासाठी अँकीत चांगली सोय आहे आणि ती फार लोक वापरत नाहीत. कार्डाच्या साच्यात एक ओळ घातली की फोन स्वतःच शब्द वाचून दाखवतो. सुनावणीत उभं राहून बोलायचं असेल तर हे करून घ्याच. ‘इंडाइट’मधला ‘सी’ आणि ‘सपीना’मधला ‘बी’ मुके असतात, ‘इपिटमी’चा शेवट ‘टोम’ होत नाही, ‘हायपर्बली’चा ‘बोल’ होत नाही. नुसतं वाचून शिकणाऱ्याला हे कळायला मार्गच नसतो, आणि बोलताना उच्चाराचीच धास्ती असली की माणूस माहीत असलेला शब्दही टाळतो. मी कानात इयरफोन घालून एसटीत उजळणी करते आणि हळू आवाजात मागून म्हणते. सांगली-कोल्हापूर प्रवासात दिवसाचा कोटा आरामात होतो.

कोट्यावरून आठवलं. अ‍ॅप सुरुवातीला रोज २० नवी कार्डं देतं. नोकरी-धंदा करणाऱ्याने हा आकडा पहिल्याच दिवशी ५ वर आणावा. २० नवी म्हणजे त्यांची उजळणी साचत साचत काही आठवड्यांत रोजची दीडशे-दोनशे कार्डं होतात, आणि तिथे बहुतेक जण अ‍ॅप काढून टाकतात. रोज ५ म्हणजे वर्षाला अठराशे शब्द झाले, ते काही कमी नाहीत.

दुसरं, बटणं. उत्तर बघितल्यावर चार बटणं येतात: ‘अगेन’, ‘हार्ड’, ‘गुड’, ‘इझी’. शब्द आठवला नसेल तर ‘अगेन’च दाबायचं. ‘थोडासा आठवत होता’ म्हणून ‘हार्ड’ दाबणारे बरेच असतात. पण अ‍ॅपच्या लेखी ‘हार्ड’ म्हणजे आठवलं, फक्त कष्टाने. मग त्याचा पुढचा सगळा अंदाज चुकतो. तिसरं, सेटिंगमध्ये कार्ड कधी दाखवायचं ते ठरवणारी ‘एफएसआरएस’ नावाची नवी पद्धत आहे, ती अँकीत २०२३ पासून आली आहे, ती सुरू करा. आधीची पद्धत १९८७ च्या सुपरमेमो या उजळणीच्या प्रणालीवर बेतलेली होती. नवी तुमच्या स्वतःच्या उत्तरांवरून हिशेब करते. किती टक्के शब्द लक्षात राहायला हवेत ते तिला सांगता येतं. ठरलेला आकडा ९० आहे, तोच राहू द्या. ९७ केलात तर उजळणीचं ओझं भलतंच वाढेल.

आणि आता कापलेला अर्धा गुण. तो या सेटिंगच्या पानासाठी. एकदा लावून दिलं की पुन्हा तिकडे बघावं लागत नाही हे खरं, पण नवख्या माणसाला ते पान इतकं दडपून टाकतं की माझ्या दोन मैत्रिणी तिथूनच परत फिरल्या. मी शेजारी बसून लावून दिलं तेव्हा कुठे सुरू झाल्या. दिसायलाही अ‍ॅप साधंसुधं आहे. गुण, बक्षिसं, रंगीत चित्रं काही नाही. मला ते आवडतं. रोज उघडल्याबद्दल शाबासकी हवी असेल तर तुमची निराशा होईल.

एक मोठी मर्यादा मात्र सांगायलाच हवी. अँकी शब्द ओळखायला आणि आठवायला शिकवते, तो वापरायला शिकवू शकत नाही. त्यासाठी लिहावंच लागतं आणि कुणीतरी ते तपासावं लागतं. मी अपील मेमोचा मसुदा करताना त्या आठवड्यातले एक-दोन शब्द मुद्दाम घालते आणि आमच्या सीनियर सरांना दाखवते. सर शब्द ठेवतात किंवा खोडतात. खोडला की समासात कारण लिहितात, आणि ते कारण घरी आल्यावर त्या कार्डाच्या मागे जातं. ‘टँटामाउंट’च्या (बरोबरीचं, तसंच असल्यासारखं) पुढे ‘टू’ हवंच, हे मला तिथे मिळालं. ‘स्पेशस’ हा शब्द समोरच्या वकिलाच्या युक्तिवादाबद्दल लेखी वापरताना जपून, कारण त्यात हेतूवर शंका घेतल्यासारखं होतं, हेही तिथेच. हे कुठल्या डिक्शनरीत नुसता अर्थ बघून कळलं नसतं. तुमच्याकडे असे सर नसतील तर इंग्रजी चांगलं असलेला एखादा सहकारी गाठा आणि आठवड्याला एक परिच्छेद दाखवा.

कोर्टाच्या सुट्टीत, किंवा लग्नसराईत, उजळणी तुंबते. परत आलं की साडेतीनशे-चारशे कार्डं उभी असतात. त्या वेळी नवी कार्डं शून्यावर आणायची आणि रोजच्या उजळणीला मर्यादा घालायची, आठ-दहा दिवसांत रुळावर येतं. एखादं कार्ड पुन्हा पुन्हा, आठ वेळा चुकलं की अ‍ॅप त्याला ‘लीच’ म्हणजे जळू ठरवून तशी खूण करतं. अशा कार्डामागे हात धुऊन लागू नका. वाक्य वाईट निवडलेलं असतं, दुसरं वाक्य घ्या.

पैशांचं सांगायचं तर अँड्रॉइडवर आणि संगणकावर फुकट. दोन्हीकडची कार्डं एकसारखी ठेवायला अँकीवेबचं खातं लागतं, तेही फुकट. मी कार्डं लॅपटॉपवर बनवते आणि उजळणी फोनवर करते. आयफोनवाल्यांना मात्र अँकीमोबाइल विकत घ्यावं लागतं. अमेरिकेत त्याची किंमत २४.९९ डॉलर आहे, एकदाच भरायची, आणि त्याच पैशातून मूळ अँकीच्या कामाचा खर्च निघतो. तेवढे द्यायचे नसतील तर आयफोनवरच ब्राउझरमध्ये अँकीवेब उघडून उजळणी करता येते. प्ले स्टोअरवर शोधताना नाव नीट वाचा. ‘अँकी’ नाव पुढे-मागे जोडलेली दुसऱ्यांची अ‍ॅप्स बरीच आहेत आणि त्यातली काही दरमहा पैसे मागतात. आपल्याला हवं ते अँकीड्रॉइड, आणि ते कधीच पैसे मागत नाही.

ज्यांना मुलांच्या हातात फोन द्यायचा नाही त्यांनी हेच पुठ्ठ्याच्या डब्यात करावं. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये ही रीत लोकप्रिय केली. आमच्या ऑफिसातल्या कारकुनांची मुलगी अकरावीला आहे, तिने बुटांच्या खोक्यात पुठ्ठे उभे करून पाच कप्पे केलेत. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर कार्डं लिहिते. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्या. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, शेवटचा महिन्यातून एकदा. मागच्या आठवड्यात तिने माझ्याकडून ‘पर्फंक्टरी’चं वाक्य मागून नेलं.